अक्षय्य दान : दिव्याबरोबर तेलाचीही तरतूद

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पुण्यमुहूर्त. या दिवशी दिलेले दान, केलेला जप आणि पितरांना अर्पण केलेले उदक कधी क्षय पावत नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. चैत्रगौरीचे माहेरपण आज संपते, देवापुढे आंब्याचा नैवेद्य येतो आणि पाण्याने भरलेला कुंभ सत्पात्री दिला जातो. वैशाखवणवा पेटलेला असताना तहानलेल्याला पाणी आणि उन्हातून आलेल्याला सावली देण्याहून मोठा धर्म तो कोणता?

परंतु दान दिले की ते आपोआप अक्षय्य होते काय? आपल्या शहरांकडे पाहिले की या प्रश्नापाशी मन घुटमळते. कुणा दानशूराने मातापित्यांच्या स्मरणार्थ बांधून दिलेली पाणपोई कोरडी पडलेली असते. वाचनालयाच्या दारावर संगमरवरी पाटी झळकते, आणि आत छतातून पाझरलेल्या पाण्याने ग्रंथ फुगलेले असतात. बागेच्या उद्घाटनाची कोनशिला शाबूत असते, बाग मात्र वाळून गेलेली. दात्याची भावना खोटी नव्हती. नगरपालिकेनेही पैसा खर्च केला होता. मग उणे पडले कोठे? देवापुढे समई ठेवली, पण रोजच्या तेलाची तरतूद कोणीच केली नाही. उणे पडले ते येथे.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. देवळाला नंदादीप अर्पण करणारा भाविक नुसता दिवा देऊन घरी परतत नसे. त्या दिव्याच्या तेलासाठी जमिनीचे उत्पन्न किंवा ठेवीचे व्याज तो लावून देई. आजच्या पर्वकाळी या ‘तेलाच्या तरतुदी’चा विचार आपण शहरातील सार्वजनिक वास्तू आणि उद्याने यांच्या संदर्भात करू या. कारण दान देवाला दिले काय किंवा नगराला दिले काय, ते टिकविण्याचा नियम एकच आहे.

इष्ट आणि पूर्त

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या पुण्यकर्मांचे दोन भाग कल्पिले आहेत. यज्ञयागादी कर्मे ती ‘इष्ट’ आणि लोकांच्या उपयोगासाठी उभारलेली कामे ती ‘पूर्त’. विहिरी, बारवा, तळी, देवालये, अन्नदान आणि ‘आराम’ यांची गणना पूर्तात होते. संस्कृतात आराम म्हणजे उपवन, बाग. तेव्हा सार्वजनिक उद्यान ही आधुनिक नगररचनेने आणलेली चैन आहे, असे समजण्याचे कारण नाही. बाग लावणे आणि देऊळ बांधणे ही दोन्ही पुण्यकर्मे एकाच पंक्तीत बसविलेली आहेत. मत्स्यपुराणात तलावाच्या प्रतिष्ठेचा जसा विधी सांगितला आहे, तसाच वृक्षोत्सवाचाही सांगितला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे स्वतंत्र विधान आहे. नवे मंदिर बांधण्याहून जुने सावरण्याचे पुण्य अधिक, असे मानण्याचीही आपली परंपरा आहे.

धर्मशास्त्र पुण्याची भाषा बोलते, तर कौटिल्याचे अर्थशास्त्र रोख व्यवहाराची. तरीही दोघांचा रोख एकाच दिशेला आहे. नवे तळे किंवा बांध घालणाऱ्याला पाच वर्षे, मोडकळीस आलेला बांध दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे, आणि झाडोऱ्याने व्यापलेला साफ करणाऱ्याला तीन वर्षे करमाफी द्यावी, असे कौटिल्य सांगतो. दुरुस्ती हे दुय्यम प्रतीचे काम आहे, असे त्याने मानले नाही. नवनिर्मितीला पाच तर दुरुस्तीला चार, इतकेच अंतर त्याने ठेवले. शिवाय एखाद्याने आपला बांध पाच वर्षे निरुपयोगी पडू दिला, आणि त्याला कोणत्याही आपत्तीचे कारण नसेल, तर त्यावरील त्याची मालकीच संपुष्टात येते, असाही नियम तो घालतो. जो राखत नाही त्याचे ते नव्हे, हे तत्त्व आजच्या कोणत्याही नगरपालिकेच्या सभागृहात लिहून ठेवावे असे आहे.

नाशिकच्या लेण्यातील हिशेब

‘अक्षय’ हा शब्द आपल्या महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आढळतो, तो एका आर्थिक व्यवहाराच्या संदर्भात. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. हा दाता ब्राह्मणांना गोदाने आणि अन्नदान देणारा, नद्यांवर विनामूल्य नावा ठेवणारा, धर्मशाळा, विहिरी, तलाव आणि उपवने करविणारा. त्याने भिक्षुसंघाला एक लेणे अर्पण केले आणि त्याबरोबर ‘अक्षयनीवी’ दिली. अक्षयनीवी म्हणजे जिच्या मुद्दलाला कधी हात लावावयाचा नाही अशी ठेव. योगायोगाची गोष्ट अशी, की या दानाचा महिनाही वैशाखच आहे.

त्या लेखातला हिशेब भाविकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. एकूण ठेव ३००० कार्षापणांची. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतविली. एका श्रेणीकडे २००० दरमहा शेकडा एक या दराने, आणि दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. ही रक्कम परत मागावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे स्पष्ट बजावले आहे. २००० च्या व्याजातून, लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. वीस भिक्षूंचे बारा-बारा म्हणजे २४०, आणि २००० चे दरमहा शेकडा एकप्रमाणे वर्षाचे व्याजही २४०! जमेची आणि खर्चाची बाजू एका कार्षापणानेही चुकलेली नाही. त्याखेरीज चिखलपद्र गावी नारळाची ८००० झाडे दिली. आणि हे सर्व निगमसभेत जाहीर करून, दप्तरात रीतसर नोंदवून ठेवले.

या एका लेखात दानाचे संपूर्ण शास्त्र सामावले आहे. वास्तू दिली, तिच्या वापराचा वार्षिक खर्च मोजला, तो भागेल एवढे मुद्दल ठेवले, ते सुरक्षित हाती सोपविले, खर्चाचे कारण बांधून दिले, आणि नगराच्या सभेत त्याची नोंद केली. भावनेचा उमाळा ओसरल्यावरही दान चालू राहील, अशी व्यवस्था दात्याने हयातीतच केली. दानाला अक्षय्यता येते ती अशी.

आधी बांध, मग मंदिर

नगराच्या सार्वजनिक ठेव्याच्या दुरुस्तीचा देशातील एक अत्यंत जुना वृत्तान्त गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढच्या शिळेवर कोरलेला आहे. तो वाचून त्याचा अनुवाद विद्वानांपुढे ठेवण्याचे काम एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही केले. गिरिनगराजवळचा सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला गेला आणि अशोकाच्या काळी त्याला कालवे काढले गेले. पुढे शक ७२, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष महिन्यात मोठे वादळ झाले आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल असे खिंडार पडले. इतके प्रचंड काम होणे नाही, असे राजा रुद्रदामन्‌च्या मंत्र्यांचे मत पडले. लोकांत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख नावाच्या प्रांताधिकाऱ्याने हे काम पूर्ण केले. त्यासाठी नगरातील व खेड्यांतील प्रजेवर नवा कर, वेठबिगार किंवा ‘प्रीतिदान’ या गोड नावाची सक्तीची वर्गणी लादली नाही, खर्च राजाच्या कोशातून झाला, असे लेख अभिमानाने सांगतो.

सुमारे तीन शतकांनी, स्कंदगुप्ताच्या काळी, तोच बांध अतिवृष्टीने पुन्हा फुटला. नगराचा अधिकारी चक्रपालित याने गुप्त संवत् १३७ मध्ये, म्हणजे इसवी सन ४५६-५७ मध्ये, तो नव्याने बांधून घेतला. त्यानंतर, संवत् १३८ मध्ये, त्याने चक्रधारी विष्णूचे मंदिर उभारले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. चक्रपालित परमभाविक होता, तरी त्याने आधी नगराचा फुटलेला बांध सांधला आणि मग देवाचे मंदिर बांधले. तहानलेल्या नगरात बांधलेले मंदिर देवालाही रुचले नसते, हे त्याने ओळखले असावे. आज तो तलाव राहिलेला नाही. पण मौर्यांपासून गुप्तांपर्यंत किमान साडेसातशे वर्षे तो टिकला, तो प्रत्येक पिढीत कोणीतरी कारभारी दुरुस्तीस उभा राहिला म्हणून.

अहिल्यादेवींची ‘खासगी’

आपल्या अधिक जवळच्या काळातले उदाहरण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा तीर्थांच्या ठायी त्यांनी केलेली बांधकामे आणि जीर्णोद्धार सर्वश्रुत आहेत. त्यामागील अर्थव्यवस्था मात्र तितकी सर्वश्रुत नाही. होळकरांच्या राज्यात राज्याचा महसूल ती ‘दौलत’, आणि घराण्यातील स्त्रीच्या स्वतंत्र हक्काचे उत्पन्न ती ‘खासगी’, असे दोन विभाग होते. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर मिळाली, तीच परंपरेने अहिल्यादेवींकडे आली. त्यांची धर्मकार्ये या खासगीतून चालत. फौजेच्या पगाराचा पैसा घाटाला लावला, असे घडले नाही.

आणि घाट बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजाअर्चा, नैवेद्य, अन्नछत्र यांची वर्षासने त्यांनी लावून दिली. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात त्यांच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे. दक्षिणेतील देवस्थानांना गंगोदक नियमाने पोहोचत असे, आणि कडक उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत. पाणपोई बांधणे सोपे, पण तिच्यात रोज पाणी भरणारा माणूस नेमणे आणि त्याचा पगार वर्षानुवर्षे चुकता करणे हे खरे पुण्य.

या कथेला एक आधुनिक उत्तरार्ध आहे, तो जाणत्या भाविकाने विसरू नये. संस्थान विलीन झाल्यावर या धर्मादायांसाठी १९६२ मध्ये ‘खासगी’ न्यास स्थापन झाला. पुढे त्यातील काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कक्षेत येतो असे ठरवून मिळकतींच्या हस्तांतरणाची तपासणी करण्यास सांगितले. पुण्यश्लोक हातांनी दिलेले दानही कागद, हिशेब आणि देखरेख यांवाचून सुरक्षित राहत नाही, असाच याचा बोध आहे.

राणीच्या बागेतील वास्तू

आता पुन्हा भाऊ दाजींकडे वळू. मुंबईत भायखळ्याला राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिच्या आवारातल्या वस्तुसंग्रहालयासाठी झटणाऱ्या समितीत भाऊ दाजी प्रमुख होते. वर्गणी अपुरी पडून बांधकाम रखडले, सरकारी मदतीने ते पुरे झाले, आणि १८७२ मध्ये संग्रहालय उघडले. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

नाव मिळाले तरी वास्तूची रया जातच होती. तिचे भाग्य पालटले ते २००३ मध्ये झालेल्या एका त्रिपक्षीय कराराने. वास्तू मुंबई महापालिकेची, जीर्णोद्धाराचे ज्ञान ‘इन्टॅक’ या वारसा-संवर्धन संस्थेचे, आणि आर्थिक साह्य जमनालाल बजाज प्रतिष्ठानचे. काम चालू असतानाच, २००५ मध्ये, युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या वास्तूला मिळाला. २००८ च्या जानेवारीत ती पुन्हा लोकांसाठी उघडली. या करारातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे नुसती दुरुस्ती करून तिघे निघून गेले नाहीत. पुढील कारभारासाठी न्यासाची व्यवस्था ठेवण्यात आली आणि मालकी मात्र नगराचीच राहिली.

मालकीचा हा मुद्दा नाजूक आहे. मुंबईतच मोकळ्या जागा व मैदाने खासगी संस्थांना ‘दत्तक’ देण्याच्या धोरणावरून २०१६ मध्ये मोठा वाद झाला आणि ते धोरण स्थगित करावे लागले. देखभालीच्या नावाने दिलेली जागा मूठभरांची होऊन बसेल आणि सामान्य माणसाला फाटकाबाहेर उभे राहावे लागेल, ही लोकांची भीती होती. देवाच्या दिव्यात तेल घालणारा देवळाचा मालक होत नसतो. उषवदाताने ठेव दिली, पण तिच्या व्याजावर हक्क सांगितला नाही. नगराला साह्य करणाऱ्या प्रत्येक धनिकाने आणि संस्थेने ही मर्यादा पाळावी.

नित्य आणि नैमित्तिक

राजे गेले, जहागिऱ्या गेल्या. आज नगराचा कोश म्हणजे आपण भरत असलेली घरपट्टी. १९९२ मध्ये झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी राज्यघटनेला जोडली. त्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कर्तव्य लिहिले गेले, पण उत्पन्नाची साधने आटली. एके काळी मोठ्या महापालिकांचा आधार असलेली जकात टप्प्याटप्प्याने गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतली जकातही संपली. तिच्या बदल्यात राज्य सरकारकडून भरपाईचे अनुदान येते. त्यामुळे नगराच्या स्वतःच्या हाती राहिलेला मुख्य कर म्हणजे मालमत्ता कर. त्याच्या बिलात वृक्षकराची एक छोटी ओळ असते, ती किती कुटुंबांनी वाचली असेल? सोसायटीच्या मासिक देण्यातून असो वा थेट बिलातून असो, शहरातल्या झाडांसाठी आपण आधीपासूनच दान देत आहोत. मग त्या दानाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकारही आपलाच.

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचे दोन भाग असतात. नवे बांधण्याचा तो भांडवली खर्च आणि असलेले चालविण्याचा तो महसुली खर्च. धर्माच्या भाषेत बोलावयाचे तर एक नैमित्तिक कर्म आणि दुसरे नित्यकर्म. नित्यकर्म सोडून नैमित्तिकात रमणाऱ्याला शास्त्र धार्मिक म्हणत नाही. रोजची संध्या चुकवून वर्षातून एकदा सहस्रभोजन घालणाऱ्यासारखी ती गोष्ट. परंतु नगरांच्या कारभारात नेमके हेच घडते. नव्या कामाला वरून अनुदान मिळते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेतून शहरांना बागांसाठीही पैसा मिळाला. पण त्या बागेला वर्षानुवर्षे पाणी घालण्याचा आणि माळ्यांच्या पगाराचा भार शेवटी नगरावरच येतो. नव्या कामाला कोनशिला असते, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. गच्चीवरची पन्हळ पावसाआधी साफ करणाऱ्याचे नाव कोठेही कोरले जात नाही. आणि वास्तू मरते ती बहुधा त्या तुंबलेल्या पन्हळीनेच. साचलेले पाणी भेगेत शिरते, आतील लोखंडी गज गंजून फुगतात, सिमेंटचे पोपडे सुटतात, आणि काही शेकड्यांत होणारे काम काही लाखांवर जाते.

निगेचे पंचांग

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. नगराच्या निगेचेही असेच पंचांग मांडता येईल.

पहिले अंग यादीचे. प्रत्येक सार्वजनिक इमारत, बाग, तळे आणि जुना वृक्ष यांची नोंदवही हवी. तीत बांधल्याचे वर्ष, शेवटची दुरुस्ती आणि आजची अवस्था लिहिलेली असावी. झाडांच्या बाबतीत १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याने नियतकालिक गणनेची तरतूद केलीच आहे. तीच शिस्त वास्तूंना लागू व्हावी.

दुसरे अंग काळाचे. पन्हळी, गच्च्या, छपरे ही कामे वैशाखात, मृग नक्षत्राआधी. रोपे लावणे आषाढ-श्रावणात. रंगरंगोटी व बांधकाम दसऱ्यानंतर. फांद्यांची छाटणी पक्ष्यांची घरटी पाहून. वेळ चुकली की खर्च दुप्पट होतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, शहराला मात्र सांगावे लागते.

तिसरे अंग निधीचे. नवी इमारत किंवा बाग मंजूर करतानाच तिच्या वार्षिक निगेचा आकडा ठरावात लिहिला जावा, आणि ती रक्कम दरवर्षी बाजूला काढली जावी. यात अशक्य काहीच नाही. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत हा नियम आहेच. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत. दहा लाख बांधकाम खर्चाच्या सदनिकेस हे अनुक्रमे २५०० आणि ७५०० रुपये होतात. घरासाठी जे आपण मान्य केले, ते नगराच्या वाचनालयासाठी, रुग्णालयासाठी, बागेसाठी का नको?

चौथे अंग हातांचे. माळी, गवंडी, सुतार, चुना मळणारा कारागीर यांच्यावाचून निधी निर्जीव आहे. जुन्या दगडी किंवा विटांच्या वास्तूला चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा केला, की आतली ओल आतच कोंडते आणि दगड-विटा झिजू लागतात. चुन्याचे काम जाणणारे हात जपणे हाही वास्तूच्या निगेचाच भाग होय.

पाचवे अंग हिशेबाचे. उषवदाताने निगमसभेत जाहीर केले, तसे प्रत्येक बागेच्या फाटकावर तिच्या वर्षाच्या तरतुदीचा आणि खर्चाचा फलक लागावा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली. अशा वेळी नव्या बाकांची आणि कमानींची मागणी करण्याऐवजी ‘जुन्याची दुरुस्ती करा’ एवढेच लिहून पाठविणारी दहा घरे प्रत्येक वस्तीत निघाली, तरी अंदाजपत्रकाचा कल पालटू लागेल.

घरोघरीचा संकल्प

मग या अक्षय्य तृतीयेला आपण काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे दान देताना वास्तूबरोबर तिच्या निगेचे दान द्यावे. शंभर कुटुंबांनी प्रत्येकी १००० रुपये दिले, तर एक लाखाची ठेव होते. शेकडा सहा दराने तिचे वर्षाचे व्याज ६००० रुपये, म्हणजे दरमहा ५०० रुपये. एका पाणपोईच्या स्वच्छतेला, किंवा चार झाडांच्या उन्हाळी पाण्याला तेवढे पुष्कळ होते. मात्र आजच्या काळात महागाईने मुद्दल न खर्चताही झिजते. म्हणून व्याजाचा काही हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवावा, तरच ही नीवी खरोखर अक्षय राहील. उत्सव मंडळांनी आणि देवस्थान न्यासांनीही आपल्या घटनेत आणि धर्मादाय कायद्यात बसत असेल तेथे हा मार्ग अवलंबून पाहावा. मांडवाची एक कमान कमी केली, तर गणपती रागावणार नाही.

दुसरी गोष्ट श्रद्धा डोळस ठेवण्याची. वटपौर्णिमेला ज्या वडाला आपण सूत गुंडाळतो, त्याच्या बुंध्याशी फरशी आणि सिमेंट घातलेले असते. मुळांना पाणी जावयास जागा नसते. पूजेच्या आधी ती जागा मोकळी करून घेणे हीदेखील पूजाच. फांदी तोडून घरी आणणे ही मात्र पूजा नव्हे. तसेच पिंपळाचे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी देवळाच्या शिखरावर किंवा शाळेच्या भिंतीवर रुजते. पिंपळ पूज्य म्हणून कोणी त्याला हात लावीत नाही, आणि पाच-दहा वर्षांत त्याची मुळे भिंत दुभंगून टाकतात. मग झाडही तोडावे लागते आणि भिंतही पाडावी लागते. रोप कोवळे असतानाच ते मुळासकट अलगद काढून मोकळ्या भूमीत लावावे. त्यात अश्वत्थाचाही मान राहतो आणि वास्तूचेही प्राण वाचतात.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या छपराची. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेण्याची जबाबदारी महाराष्ट्रातील महापालिकांच्या हद्दीत कायद्याने मालकांवर आणि रहिवाशांवर टाकली आहे. दर पावसाळ्यात कोठे ना कोठे इमारत कोसळल्याची वार्ता येते आणि आपण हळहळतो. ज्या घरात देवघर आहे, त्या घराचा पाया तपासणे हे देवकार्यच नव्हे काय? आणि जी कुटुंबे स्वतःच्या इमारतीची निगा राखतात, त्यांच्याच शब्दाला नगरपालिकेच्या दारी वजन येते.

काळ हा सर्वभक्षक आहे, असे आपण म्हणतो. दगड, वीट, लाकूड, झाड, यांतले काहीच अक्षय नाही. मग अक्षय काय? अक्षय आहे ती पुन्हा पुन्हा सावरण्याची व्यवस्था आणि ती चालविण्याचा निश्चय. आज देवापुढे निरांजन लावताना तेलाची बुधली भरलेली आहे ना, हे घरातील गृहिणी आधी पाहते. तिला जे रोज सुचते, ते आपल्या नगरालाही सुचो आणि या पुण्यदिनी केलेला निगेचा संकल्प पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि तिच्याही पुढे, अखंड चालो, हीच त्या जगन्नियंत्याच्या चरणी प्रार्थना.